गणपतीच्या शेजारी ऑइल प्रेशर

"गणपती हलणार नाही," कुसुमताई म्हणाल्या.

"मम्मी, तो एवढासा आहे. ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवू ना."

"ग्लव्ह बॉक्समध्ये? तुझ्या चॉकलेटच्या कागदांत? तुलाच कोंबते बघ ग्लव्ह बॉक्समध्ये."

मी टेप मेजर हातात घेऊन गाडीच्या दारात उभी होते. गाडी लाल, सेकंडहँड, टर्बोवाली हॅचबॅक. ड्रायव्हरच्या सीटवर निखिल, शेजारी त्याची आई. आणि दोघांच्या बरोबर मध्ये, डॅशबोर्डच्या डोक्यावर, डबल साइडेड टेपनं चिकटवलेला गणपती. निखिलला त्याच जागेवर तीन गेज हवी होती.

मी तेव्हा लंडनच्या हॅरो भागातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात फिटर होते. पुढे दुकानात सीट कव्हरं, वायपर आणि आरशाला लटकवायची सुगंधी झाडं विकली जायची. मागच्या शेडमध्ये मी लोकांच्या गाड्यांत रेडिओ, अलार्म, स्पॉटलाइट असलं काहीबाही बसवायचे. नव्वदीची सुरुवात होती. आमच्या भागातल्या प्रत्येक विशीतल्या पोराला आपली गाडी म्हणजे विमान वाटायचं, आणि विमानाला डायल हवेतच. त्याआधी मी मेडनहेडच्या एका फॅक्टरीत लूम बांधायचे. लूम म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची एकत्र बांधलेली जुडी. त्यामुळे डॅशबोर्डमागे काय दडलंय ते मला माझ्या किचनच्या कपाटांपेक्षा बरं ठाऊक होतं. गिऱ्हाइकं मात्र आत आली की मलाच विचारायची, "इज द फिटर इन?" मी "येस" म्हणायचे. मग ती फिटरची वाट बघत बसायची. मीही बसू द्यायचे.

तर गेज. गाडीच्या मूळ पॅनेलवर स्पीड आणि पेट्रोल दिसतं. बाकी इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते कंपनी सांगत नाही, काही बिघडलं तर एक लाल दिवा लावते. ज्यांना दिव्याआधी कळायला हवं असतं ते वेगळी गेज बसवतात. गेज आणणं सोपं. ते लावायचं कशात, हा खरा प्रश्न. त्या खोबणीला माउंट म्हणतात. एक पॉड, म्हणजे गेजचा छोटा डबा, डॅशच्या डोक्यावर बसतो. एक लांबट पॅनेल डॅशच्या खाली, गुडघ्यांपाशी लागतं. आणि तिसरा, त्या वर्षी सगळ्यांना वेड लावणारा, पिलर पॉड. विंडस्क्रीनच्या कडेला छपराला धरून ठेवणारा जो खांब असतो त्यावर एकाखाली एक तीन गेज.

"डोक्यावर नको तर पिलरवर," निखिल म्हणाला. "मावशी, मॅगझिनमध्ये बघितलाय मी. सॉलिड दिसते."

निखिलचा जन्म इथलाच. त्याच्या मराठीत गेज कधी 'तो' असायचं, कधी 'ती'. त्याला काही फरक पडायचा नाही, आणि खरं सांगायचं तर गेजलाही नाही.

"तू उतर," मी म्हटलं. "कुसुमताई, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर या."

"अगं मला ऑटोमॅटिकशिवाय येत नाही."

"चालवायची नाही. नुसतं बसायचं."

कुसुमताई साडीवरचा ओव्हरकोट सावरत स्टिअरिंगमागे बसल्या. मी रिकामा पिलर पॉड त्यांच्या उजवीकडच्या खांबाला धरून ठेवायला निखिलला सांगितलं आणि शेडच्या दारापर्यंत जाऊन तिथून गाडीकडे चालत आले. उजवीकडून, तिरकी.

"नंदा! कुठे गेलीस गं?"

"इथेच आहे."

"कुठे इथेच? मला दिसत नाहीयेस!"

मी गाडीच्या नाकाशी येऊन उभी राहिले तेव्हा त्या दचकल्या.

"आता मी म्हणजे राउंडअबाउटवर उजवीकडून येणारा मोटरसायकलवाला," मी निखिलला म्हटलं. "मॅगझिनमध्ये तो छापत नाहीत."

निखिलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो गप्प बसला. कारण कुसुमताई आता बोलणार होत्या, आणि त्या बोलल्या. कॉलेजपासून त्याच्या डोक्यात असलेल्या प्रत्येक खुळाचा उद्धार झाला. मी तेवढ्यात डॅशबोर्ड नीट बघून घेतला. उजव्या टोकाला, दाराजवळ, गरम हवेचं एक गोल व्हेंट होतं. गेजचा आकारही तोच. व्हेंटची जाळी काढायची, तिथे ॲल्युमिनियमची रिंग बसवायची, रिंगेत गेज. नजर रस्त्यावरून फारशी हलत नाही, खांब मोकळा, गणपती जागच्या जागी. पण भोक एक, म्हणून गेजही एकच.

"मग बूस्टचा लाव," निखिल म्हणाला. बूस्ट गेज म्हणजे टर्बो किती जोर लावतोय ते दाखवणारं. काटा नाचतो, मुलं खूश होतात.

"ऑइल प्रेशरचं लावणार," मी म्हटलं. "टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो प्रचंड वेगानं फिरतो आणि जगतो तेलावर. तेलाचं प्रेशर गेलं की आधी पंखा मरतो, मग इंजिन. बूस्ट तुला पाठीला कळतो. तेल कळत नाही."

"ऑइल प्रेशरचं लाव," कुसुमताईंनी निकाल दिला. निखिलला सोमवारपासून केंब्रिजला नवी नोकरी लागली होती. गाडी मधेच बंद पडून पहिल्याच दिवशी उशीर झाला तर काय, या एका काळजीनं बाई आठवडाभर झोपल्या नव्हत्या. रविवारी दुपारी तो निघणार होता. आणि आज शुक्रवार होता.

शुक्रवार म्हटलं की आमच्याकडे वेगळंच प्रकरण. आमचे मालक शलोमकाका. अलिबागकडचे ज्यू, मुंबईत वाढलेले, मराठी माझ्याहून शुद्ध. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागायचा, दुकान बंद. शनिवार बंद. रविवारी उघडायचं. उन्हाळ्यात याचा काही त्रास नसायचा. पण नोव्हेंबरात इंग्लंडचा सूर्य दुपारच्या चहालाच घरी जातो. त्यामुळे जेवणानंतर काका दर पाच मिनिटांनी शेडच्या दारात येऊन आभाळ बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, जणू काही मीच सूर्याला खाली ओढत होते.

"झालं का गो?"

"नाही."

"मग कधी व्हायचं?"

"तुम्ही विचारायचं थांबलात की."

निखिलनं आणलेलं गेज मेकॅनिकल होतं. इलेक्ट्रिक गेजला एक वायर ओढली की भागतं. मेकॅनिकलमध्ये खरंखुरं तेल गेजपर्यंत आणावं लागतं. त्यासाठी इंजिनापासून एक बारीक नायलॉनची नळी, बल्कहेडमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत आणून, डॅशच्या मागून गेजला जोडायची. शिरेत सलाइनची सुई घालावी तसं नाजूक काम. मी व्हेंट उचकटलं, रिंग घासून घासून बसवली, नळी आत ओढली आणि पुन्हा बॉनेटखाली शिरले. इंजिनाच्या बाजूचा जोड अशा ठिकाणी होता की तिथे हात घालायला मनगटाला आणखी एक सांधा हवा.

काका चौथ्यांदा आले, ते कोट घालूनच.

"आतलं टोक मी जोडतो," ते म्हणाले. "तू बाहेरचं बघ."

"काका, राहू दे. मी करते."

"अगो, तू शाळेत जात होतीस तेव्हा मी मुंबईत टॅक्सींना गेज लावायचो. सरक."

मी सरकले नाही, कारण मी बॉनेटखालीच होते. ते आत जाऊन बसले. आतून खुडबुड ऐकू आली, मग ते एकदा दुकानात गेले, परत आले, पुन्हा खुडबुड. "हवा राहिली की काटा झोपतो," असं स्वतःशीच पुटपुटत होते. हे खरं होतं. नळीत हवा असली तर काटा उशिरा आणि थरथरत उठतो, म्हणून जुने फिटर जोडण्याआधी नळीत थोडं तेल भरून घेतात. मी मनात म्हटलं, चला, म्हाताऱ्याला येतंय काहीतरी.

इंजिन चालू केलं. काटा झोकात वर चढला. कुसुमताईंनी गणपतीला आणि मग गेजलाही हात जोडले. निखिल गाडी घेऊन गेला, काकांनी शटर ओढलं, आभाळात थोडा उजेड अजून होता.

रविवारी सकाळी दुकान उघडलं न उघडलं तोच फोन वाजला.

"काटा शून्यावर आहे!" पलीकडून कुसुमताई. "शून्यावर! निखिलनं चालू केली आणि काटा उठलाच नाही. त्यानं लगेच बंद केली. शेजारचे हे आलेत, त्यांना इंजिनातलं कळतं. ते म्हणतायत ऑइल पंप गेला, नवीन इंजिन बसवावं लागेल. नंदा, तुमच्या त्या नळीनं माझ्या पोराचं इंजिन खाल्लं!"

शेजारचे 'हे' विमा विकायचे. पण कुठलंही बॉनेट उघडलं की तिथे एक तरी माणूस असा उगवतोच.

गाडी त्याच शेजाऱ्याच्या व्हॅनमागे दोरीनं बांधून आली. निखिलचा चेहरा पांढरा पडला होता. उद्या नोकरीचा पहिला दिवस आणि तो हॅरोतच. कुसुमताई उतरल्या त्या थेट काउंटरवर गेल्या. काका बिचारे हात जोडून "ताई, बघतो, ताई, शांत व्हा" करत होते, आणि ताई शांत होत नव्हत्या. शेवटी काका मागे शेडमध्ये आले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"नंदा, नळी कुठे गळली असेल?"

"गळली असती तर कार्पेट तेलात भिजलं असतं. कोरडं आहे."

"मग जोड चुकला असेल. तेल अडलं असेल. मला माहीत नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "हे बघ, लहान दुकान आहे. लोकांना इंजिनं द्यायची ताकद नाही माझ्यात. आपल्यामुळे गेलं असेल तर फिटिंग बंद करू. तू पुढे टिलवर बस. पगारात फरक नाही करणार."

टिल म्हणजे गल्ला. दिवसभर बसून सुगंधी झाडं विकायची. आता तुम्ही म्हणाल, पगार तोच, ऊब जास्त, तक्रार काय? तक्रार ही, की मला ती शेड आवडायची. घरी मी कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची सून. शेडमध्ये मी फिटर. थंडीनं बोटं बधिर व्हायची, नखांत काळं जायचं, तरी ते माझं होतं. आणि जोड मी नीट घट्ट केला होता, हे मला माझ्या हाताएवढं ठाऊक होतं. म्हणून मला रडू आलं नाही, राग आला.

"काका, जरा वेळ कुणी शेडमध्ये येऊ नका," मी म्हटलं. "शेजारच्यांना तर अजिबात नको."

पण कुसुमताई आल्याच. त्यांच्यामागे निखिल.

"चालू नको करू मावशी! अजून खराब होईल!"

त्याचं बरोबर होतं. तेल नसेल तर इंजिन काही क्षण चालवणंही महागात पडतं. म्हणून मी आधी चालू केलंच नाही. डिपस्टिक बघितली, तेल पुरेसं, स्वच्छ. मग आमची नळी इंजिनाकडून सोडवली आणि त्याच जागी वर्कशॉपचं टेस्ट गेज लावलं. हे हातात धरायचं मोठं गेज, जाड होज असलेलं, थेट इंजिनावर बसतं. मग कॉइलची लीड काढली. ठिणगीच मिळाली नाही की इंजिन पेटत नाही, स्टार्टरवर नुसतं गरगर फिरतं. त्यात इंजिनाला इजा नाही, पण पंप जिवंत असेल तर तेवढ्यातही प्रेशर चढतं.

"निखिल, चावी फिरव. मी सांगेपर्यंत धरून ठेव."

इंजिन घरघरलं. टेस्ट गेजचा काटा जागचा हलला, मग आणखी वर गेला. मी लीड परत लावली, गाडी नीट चालू केली. काटा सरळ वर, ठणठणीत.

"पंप मस्त आहे," मी म्हटलं. "इंजिनाला काहीही झालेलं नाही."

निखिल स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. कुसुमताईंनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "मग काटा का मेला?" बाई हुशार. आनंदातही मुद्दा सुटू दिला नाही.

म्हणजे इंजिन खरं बोलत होतं आणि गेजला ऐकू येत नव्हतं. मधे होती फक्त नळी. मी नळी पुन्हा इंजिनाला जोडली आणि गाडी चालू ठेवली. डॅशवरचा काटा शून्यावर, ढिम्म. शेडमध्ये गारठा होता, कुसुमताई कुडकुडत होत्या, म्हणून निखिलनं हीटर पूर्ण सोडला. आम्ही बघत बसलो. इंजिन तापलं, गरम हवा यायला लागली, आणि मग अचानक काटा टुणकन उडाला आणि बरोबर जागेवर जाऊन उभा राहिला.

"अगं बाई!" कुसुमताई म्हणाल्या.

मी हीटरकडे बघितलं, गेजकडे बघितलं. गेज व्हेंटच्या भोकात. नळीचं शेवटचं टोक गरम हवेच्या पाइपला चिकटून. गारठ्यात बंद, गरम झालं की चालू. नळीत काहीतरी होतं जे थंडीत गोठत होतं. इंजिन ऑइल असं गोठत नाही, निदान हॅरोत तरी नाही.

गाडी बंद केली. गेज रिंगेतून काढलं, नळी सोडवली आणि ते टोक बादलीतल्या गार पाण्यात धरलं. थोड्या वेळानं इंजिनाच्या बाजूनं हवेचा पंप लावून दाबला. फुस्स झालं आणि नळीच्या तोंडातून शेवईसारखी पांढरी वळी बाहेर आली, लोंबली, आणि माझ्या बुटावर पडली.

मी ती उचलली. कुसुमताईंनी माझ्या हातातून घेतली, बोटांवर चोळली, नाकाशी नेली.

"हे तर खोबरेल आहे!"

त्यांनी आधी निखिलकडे बघितलं. निखिलच्या केसांत जेल होतं. मग माझ्याकडे. माझे केस कापलेले, कोरडे, शेडच्या धुळीचे. मग आम्ही तिघांनीही एकदम दाराकडे बघितलं. तिथे शलोमकाका उभे होते, नेहमीसारखे नीट भांग पाडलेले, केस चप्प बसलेले, चमचम करणारे.

काकांचा हात नकळत भांगाकडे गेला.

"हवा राहू नये म्हणून..." काका म्हणाले.

"काय घातलंत?"

"अगो, ऑइल कॅन तुझ्याकडे होता. बॉनेटखाली. सूर्य चालला होता. बाटली काउंटरमागे हीटरपाशी असते माझी, तेल पातळच होतं. तिचं तोंड पण बारीक, नळीत बरोबर बसलं." त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "म्हटलं, तेल ते तेल."

"मुंबईत!" मी ओरडले. "मुंबईत तेल ते तेल! इथे हीटरपासून हातभर लांब नेलं की त्याचा दगड होतो, हे तुम्हाला सांगायला हवं? दर हिवाळ्यात ती बाटली हीटरपाशी कशाला ठेवता मग?"

"टॅक्सींना कधी प्रॉब्लेम आला नाही," ते पुटपुटले.

कुसुमताईंनी तोंड उघडलं. मला वाटलं आता काकांची धडगत नाही. पण त्या हसायला लागल्या. आधी नाकातून, मग मोठमोठ्यानं, गाडीच्या छपरावर हात आपटत. आठवडाभराचं सगळं साचलेलं त्यातून बाहेर आलं असावं. "नव्या इंजिनाच्या गोष्टी करत होते हो ते!" असं म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. निखिलही हसला. काका हसावं की नाही अशा चेहऱ्यानं उभे होते.

मी हसले नाही. माझा हिशोब बाकी होता.

"काका, मगाशी काय म्हणालात? आपल्यामुळे गेलं असेल तर फिटिंग बंद?"

"अगो, ते रागात..."

"नाही, बरोबर आहे तुमचं. आजपासून बंद. तुमचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या पांढऱ्या वळीकडे. आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप लवकर म्हणाले, "बरं."

मी नळी पेट्रोलनं धुतली, वाळवली, इंजिन ऑइलनं भरली, जोडली. गाडी थंड होऊ दिली, पुन्हा चालू केली. काटा पहिल्या क्षणाला उठला. निखिल केंब्रिजला उजेड असतानाच निघाला. काकांनी त्याला आमच्यातर्फे सीट कव्हरं द्यायचा प्रयत्न केला. ती त्यानं घेतली नाहीत, रंग आवडला नाही म्हणून.

त्या शेडमध्ये मी पुढे कितीतरी वर्षं काम केलं. काका दाराच्या उंबऱ्यावर यायचे, आभाळ बघायचे आणि विचारायचे, "येऊ का गो आत?" मी डोकं वर न काढता "नको" म्हणायचे, आणि ते खरोखर यायचे नाहीत. त्यांनी शब्द पाळला. मालक असून पाळला, हे मी आजही मानते.

लोक विचारतात, गेज कुठलं चांगलं, माउंट कुठलं चांगलं. मी एवढंच सांगते. गेजपर्यंत जे पोचतं तेवढंच ते दाखवतं. काटा शून्यावर गेला तर इंजिन लगेच बंद करा, निखिलनं केलं ते शंभर टक्के बरोबर. पण नवीन इंजिनाच्या गोष्टी सुरू करायच्या आधी नळी उघडून बघा. आणि नळी उघडायच्याही आधी शांतपणे विचारा, बसवताना मदतीला कोण आलं होतं.